बिजलीच्या चाऱ्यासाठी तिळाच्या वड्या

स्टीलच्या डब्यात गरम पदार्थ भरून लगेच झाकण लावलं, की निवताना आतली हवा आकसते आणि झाकण आत ओढलं जातं. मग ते बोटांनी निघत नाही. कडेखाली चमच्याची मागची बाजू घालावी लागते. सुटताना झाकण अगदी बारीक आवाज करतं. गार पदार्थ भरला असेल तर असं होत नाही. नोटा असतील तर मुळीच होत नाही, कारण नोटा कुणी गरम करून देत नाही.

रसायनीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली, पण हे निरीक्षण तिथलं नाही. ते कर्जतच्या माझ्या स्वयंपाकघरातलं आहे, करोनाच्या दुसऱ्या वर्षी, संक्रांतीनंतरच्या आठवड्यातलं. ओट्यावर परत आलेले डबे ओळीने मांडलेले होते. मी पहिल्याचं झाकण ओढलं. निघालं नाही. दुसऱ्याचं ओढलं. तेही निघालं नाही. तिसऱ्याला हात लावण्याआधीच माझ्या लक्षात आलं, की आपली निधी जमवण्याची मोहीम फसलेली आहे.

निधी हवा होता एका घोडीसाठी. आमचं मंडळ तसं सगळ्याच प्राण्यांचं. अध्यक्ष दत्तोपंत, निवृत्त मुख्याध्यापक. आमच्याच आळीत राहतात आणि घंटा झाल्याशिवाय बोलणं संपवायचं नसतं, ही शाळेतली सवय त्यांनी घंटा नसतानाही टिकवून ठेवली आहे. चिटणीस मी, कारण माझं अक्षर बरं आहे. आणि काम करते ती अपेक्षा. ती जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. तिच्या वडिलांची, रामभाऊंची, कुंभिवलीला कोंबड्यांची बंद पडलेली शेड होती. ती त्यांनी आम्हाला फुकट दिली, एकाच अटीवर, की तिथे कोंबडी या विषयावर कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. हायवेवर गाड्यांखाली सापडून वाचलेली कुत्री त्या शेडमध्ये असतात. कुत्र्यांचं भागत होतं. मग बिजली आली.

बिजली माथेरानला पर्यटकांना पाठीवरून फिरवत असे. टाळेबंदीत पर्यटक बंद झाले आणि तिचा मालक भिवाजी तिला डोंगरावरून खाली घेऊन आला. "ताई, एक म्हैनाभर ठेवा. गिऱ्हाईक चालू झालं का नेतो," असं तो म्हणाला होता. काही महिन्यांनी गिऱ्हाईक थोडंथोडं चालू झालं, पण तोवर बिजलीचा पुढचा गुडघा कामातून गेला होता. डोंगर चढणं आता तिला जमणार नव्हतं. नाव बिजली असलं तरी तिचं वागणं आमच्याकडच्या वीजपुरवठ्यासारखं होतं, म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ ती बंदच असे. फक्त खाताना चालू.

दर रविवारी नेरळहून भिवाजीचा फोन येई. "बिजली काय म्हणते, ताई?"

"बरी आहे," मी सांगायची.

"तिला सांगा मी इचारलं म्हणून."

मी सांगायची नाही. पण कुंभिवलीला गेले की अपेक्षा सांगायला लावायची.

अडचण अशी होती, की चारावाल्याने आता आधी पैसे आणि मग पेंढ्या असं धोरण स्वीकारलं होतं. आणि नेमका त्याच सुमाराला एका बग्गीवाल्याचा दत्तोपंतांना फोन आला. लग्नाच्या वरातींना तो बग्गी भाड्याने देई. वराती पुन्हा सुरू होतील या हिशेबाने, घोडी फुकट दिली तर तो घेऊन जायला तयार होता. दत्तोपंतांना हे व्यवहार्य वाटलं. अपेक्षा म्हणाली, "सर, त्या गुडघ्यावर डांबरी रस्त्याला बग्गी ओढली तर ती पावसाळा बघणार नाही." दत्तोपंत म्हणाले, "मग चाऱ्याचं काय ते चिटणिसांनी ठरवावं." दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "बघू या." ही माझी चिटणीसपदाची कारकीर्द.

एरवी आमचा सगळा निधी संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या मेळ्यातून येई. शाळेच्या पटांगणात स्टॉल, खेळ, खमंग वास, बायकांची झुंबड. झुंबड म्हणजेच निधी. त्या वर्षी झुंबडीला बंदी होती आणि शाळाही बंद होती. म्हणून माणसं न जमवता पैसे कसे जमवायचे, यावर आमची फोनवर दृश्य-बैठक झाली. दृश्य बहुतेक वेळ दत्तोपंतांच्या कानाचं होतं.

पहिला उपक्रम दत्तोपंतांचं ऑनलाइन व्याख्यान. विषय, 'मुकी जनावरे आणि आपली संस्कृती'. देणगी ऐच्छिक. दत्तोपंतांनी फोन टेबलावर आडवा ठेवला आणि खुर्चीत बसून टिपणं वाचली, त्यामुळे श्रोत्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्या छताचा पंखा दिसला. मुख्याध्यापकांना मध्येच कोण टोकणार? निम्म्या आळीला त्यांनी शिकवलेलं. व्याख्यान संपल्यावर अभिप्राय आले. "एक पातं वाकलंय, सरांना सांगा." "पंखा बिनआवाजाचा दिसतोय, कुठून घेतला?" देणगी आली नाही. दत्तोपंतांनी पातं सरळ करून घेतलं. त्या उपक्रमातून झालेली ही एकमेव सुधारणा.

मग त्यांच्या नातवाने, सिद्धांतने, सुचवलं की फोनने पैसे भरायचा चौकोनी कोड छापून गेटागेटावर लावू. तो मुंबईच्या कंपनीचं काम घरून करत होता आणि जगातली प्रत्येक अडचण कोड लावून सुटते अशी त्याची श्रद्धा होती. कोडसाठी खातं चालू हवं. मंडळाचं खातं बरेच दिवस व्यवहार न झाल्यामुळे झोपलं होतं. ते जागं करायला अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार, म्हणजे अपेक्षा, यांनी अधिकाऱ्यासमोर एकत्र सह्या करायला हव्या होत्या. बँकेत एका वेळी दोनच ग्राहकांना प्रवेश होता.

मी आणि दत्तोपंत आत गेलो. अपेक्षा काचेबाहेर उभी राहिली. अधिकारी सज्जन होता. त्याने तिच्याकडे बघून नमस्कारही केला, पण काचेतून सही घेता येत नाही म्हणाला. मग मी बाहेर आले आणि अपेक्षा आत गेली. तेव्हा मी नव्हते. मग दत्तोपंत बाहेर आले. आम्ही तिघं बराच वेळ असे त्या दारातून आतबाहेर करत होतो. शेवटी दारावरच्या रखवालदाराने आमच्या हातावर जंतुनाशक ओतणं सोडून दिलं.

"निर्बंध उठले की एकत्र या," अधिकारी म्हणाला.

"निर्बंध उठल्यावर आम्ही मेळाच घेऊ की," अपेक्षा म्हणाली. पण ते मी बाहेर येऊन निरोप सांगितल्यावर, काचेबाहेर, त्यामुळे फक्त मला ऐकू आलं.

आता राहिला रोख पैसा, आणि रोख पैसा मिळवायला तो मागावा लागतो. इथे मला आमच्या लोकांविषयी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे पैसे हा शब्द शक्यतो उच्चारत नाहीत. दूधवाला म्हणतो, "बाई, ते मागचं तेवढं बघा." आम्ही म्हणतो, "हो, तुमचं ते राहिलंय, लक्षात आहे." घरभाडं, शिकवणीची फी, मेळ्याची वर्गणी, सगळं 'ते' असतं. मी नोकरीत असताना पगारवाढीसाठी अर्ज दिला होता, त्यातही पगार हा शब्द नव्हता. 'योग्य तो विचार व्हावा' असं होतं. योग्य तो विचार झाला. वाढ झाली नाही.

शेजारच्या चंद्राबाईंना हे काही पटत नसे. त्या अंगणवाडीच्या कामातून निवृत्त झालेल्या. आमच्या दोघींच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि तिच्यावर कोपरं टेकून त्या रोज सल्ला देतात. कुकरची सोडत काढा. भिशी लावा. घोडीला टोपी घालून फोटो काढा. मी प्रत्येक सल्ल्यातली त्रुटी त्यांना समजावून सांगे, आणि त्या ऐकत असताना पुढचा सल्ला तयार करत.

"मग मागा की सरळ," एक दिवस त्या म्हणाल्या. "गेटाशी उभं ऱ्हायचं आन् सांगायचं, आमाला पैसे पायजे. तोंड नाय का तुमाला?"

"असं कसं मागणार, चंद्राबाई?"

"जसं मी मास्क मागते तसं. घरी इसरला का मागते ना तुमच्याकडं?"

मी म्हटलं, "बघू या."

डब्यांची कल्पना माझी होती. हे मला कबूल केलं पाहिजे, कारण दत्तोपंत ते प्रत्येक बैठकीत कबूल करवून घेतात. कल्पना अशी, की आळीतल्या आणि ओळखीच्या घरांना तिळाच्या वड्या घरपोच द्यायच्या. सोबत एक चिठ्ठी. लोक डबा परत करतील तेव्हा त्यात देणगी घालतील. गर्दी नाही, मागणं नाही, स्पर्श नाही. कागदावर यात मला एकही दोष सापडेना.

पाक मी तापमापक लावून केला. पाक एकतारी की दोनतारी याबद्दल माणसागणिक मत बदलतं. पारा मत देत नाही. वड्या एकसारख्या पडल्या, कडा सरळ. डबे आईच्या कपाटातले घेतले. मुंज, बारसं, वास्तुशांत, कुणाची साठी अशा प्रसंगी आलेले स्टीलचे डबे आईने जन्मभर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. चिठ्ठीचा मजकूर दत्तोपंतांनी केला. मी लिहिलं होतं, 'कृपया देणगी डब्यात ठेवावी.' त्यांना ते फार उघडं वाटलं. त्यांनी केलं, 'मुक्या जिवांसाठी आपणांस जे द्यावेसे वाटेल ते डब्यात घालून डबा सावकाश परत करावा.' मलाही ते जास्त शोभून दिसलं. अपेक्षाने ती दोनदा वाचली आणि स्कूटरवर पिशव्या लटकवून ती निघाली.

डबे सावकाश परत आले नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून येऊ लागले, आणि एक सोडून सगळे जड होते.

चमचा घालून मी एकेक उघडत गेले. बेसनाचे लाडू. गूळपोळ्या, घडी करून कोंबलेल्या. शेंगदाण्याची चटणी. ओल्या नारळाच्या करंज्या. साबुदाण्याची खिचडी, वर लिंबाची फोड. एकच डबा चमच्याशिवाय उघडला, त्यात अकरा रुपये निघाले. सोबत चिठ्ठी होती, 'मांजरांवर खर्च करू नयेत.'

रिकामा डबा परत करायचा नसतो. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. मी स्वतः जन्मात कुणाचा डबा रिकामा पाठवलेला नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घातली आहे. तरीही प्रयोगाची आखणी करताना ही गोष्ट मी जमेस धरली नाही. प्रयोगशाळेत अशी चूक कुणी केली असती तर मी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं असतं. इथे पाहायला आरशाशिवाय काही नव्हतं.

एका बाईंनी फोनच केला. "पैसे घालायचे मनात आलं होतं हो. पण तुम्ही एवढ्या प्रेमाने वडी पाठवलीत, तिची किंमत कशी करायची? कसंतरीच वाटलं. करंज्या आवडल्या का?"

"छान आहेत," मी म्हटलं. त्या खरोखरच छान होत्या.

चंद्राबाईंच्या डब्यात सुकटीची चटणी होती. भिंतीवर कोपरं टेकून त्या म्हणाल्या, "चिठ्ठीत मुक्या जिवांसाठी लिवलं हुतं. मंग मी मुक्या जिवांना काय आवडतं ते दिलं. लाडू काय कुत्री खात्यात?" अपेक्षाने मीठ जास्त आहे म्हणून थोडीथोडी भातात कालवून ती कुंभिवलीला घातली. कुत्र्यांच्या दृष्टीने अख्ख्या मोहिमेतला तो एकच अर्थपूर्ण डबा होता.

इथवर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण काही घरांना माझा डबा लहान पडला होता. त्यांनी स्वतःच्या मोठ्या डब्यात भरून पाठवलं होतं. म्हणजे आता त्यांचे डबे माझ्याकडे होते. ते परत करणं भाग होतं, आणि रिकामे करणं शक्य नव्हतं. मी पुन्हा तीळ आणले, पुन्हा पाक केला. ते डबे गेले आणि त्यांच्या बदल्यात माझे, जे आधी परत आलेले नव्हते ते, भरून आले. तिळावरचा खर्च चाऱ्यावरच्या खर्चाच्या जवळ जाऊ लागला. घोडी तीळ खाते का, असं मी अपेक्षाला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा झोपा."

त्यातच दत्तोपंतांच्या घरून वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आल्या. मास्क नाकावर आणि डबा छातीशी. त्यांनी तो माझ्यासमोर उलटा धरला. बुडाशी टिंबाटिंबांत कोरलेलं होतं, 'चि. सिद्धांत याच्या मुंजीप्रीत्यर्थ'.

"आमच्याच घरचा डबा आम्हालाच?" वहिनी म्हणाल्या. "आणि कोरा करकरीत. म्हणजे तुमच्या आईंनी एवढ्या वर्षांत एकदाही वापरला नाही?"

आईने कुणाचाच डबा वापरला नाही, हे सांगणं खरं होतं पण सांत्वनाचं नव्हतं. मी म्हटलं, "जपून ठेवला होता, वहिनी."

"जपून," वहिनी म्हणाल्या आणि गेल्या. डबा त्यांनी ओट्यावर ठेवला. त्यात डिंकाचे लाडू होते. रागावलेल्या होत्या, पण रिकामा आणला नव्हता.

पुढचा उपक्रम अपेक्षाचा. लोकांना घोडी प्रत्यक्ष दिसली तर पाझर फुटेल, असं तिचं मत. एका सकाळी ती टेंपोतून बिजलीला कर्जतला घेऊन आली. ठरलं असं, की बिजलीला आळीतून सावकाश फिरवायचं. लोकांनी आपापल्या दारातूनच पाहायचं. पुढे अपेक्षा लगाम धरून, बाजूला दत्तोपंत पांढरी टोपी आणि कोट घालून, मागे मी.

लोकांनी पाहिलं. पण आमच्या गल्लीतून घोडा जातो तो एकाच कारणाने.

"कोणाचं लग्न गं?" एका गच्चीतून प्रश्न आला.

"लग्न नाही, काकू. आजारी आहे ती."

"नवरी आजारी? मग पुढं ढकलायचं ना!"

दोन बायका ताम्हन घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी बिजलीला ओवाळलं. तिसरीने भिजवलेले हरभरे आणि गूळ पुढे केला. बिजली चालू झाली. तिला पुन्हा बंद करायला अपेक्षाला बरेच कष्ट पडले. नाक्यावर हवालदाराने आम्हाला थांबवलं. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती आणि वरातीला परवानगी नव्हती.

"परवानगीचा कागद दाखवा. आणि नवरदेव कुठाय?"

आम्ही काही बोलण्याआधी त्याची नजर दत्तोपंतांच्या कोटावर गेली. तो जरा घुटमळला. "सर... या वयात?"

दत्तोपंतांनी चष्मा सरळ केला. "तू कुठल्या तुकडीत होतास?"

हवालदार 'ब' तुकडीत होता. त्याने तिथेच रस्त्यावर दत्तोपंतांना लांबून वाकून नमस्कार केला, घोडीलाही केला, आणि मग घोडी ताबडतोब रस्त्यावरून हलवायला सांगितली. टेंपोवाला तोवर कांद्याचं भाडं घेऊन निघून गेला होता. सगळ्यांत जवळचं मोकळं अंगण माझं होतं.

"एकच दिवस, मॅडम," अपेक्षा म्हणाली. भिवाजी निदान महिना तरी म्हणाला होता.

टेंपो काही लवकर मिळाला नाही. बिजली माझ्या अंगणात राहिली. तिने झेंडू खाल्ला, कढीपत्ता खाल्ला आणि दोरीवरची माझी एक ओढणी अर्धी खाऊन आवडली नाही म्हणून सोडून दिली. सकाळी मी चहा घेऊन पायरीवर बसले की ती दुखरा पाय जरा उचलून माझ्याकडे तोंड करून उभी राही. काही मागत नसे. आम्ही दोघी त्या बाबतीत सारख्या होतो. चंद्राबाई रोज भाजीची देठं भिंतीवरून टाकत आणि म्हणत, "सरोजताई, बरी सोबत झाली तुमाला." मी 'बघू या' म्हणे.

शेवटचा उपाय म्हणून घंटागाडी. कचऱ्याची ही गाडी रोज सकाळी कर्णा लावून सगळ्या गल्ल्यांतून जाते आणि सगळी माणसं बादली घेऊन आपापल्या गेटाशी येतात. त्या दिवसांत तेवढीच एक कायदेशीर गर्दी होती. कर्ण्यावरून आपलं निवेदन वाजवावं म्हणून मी अर्ज केला. खिडकीतल्या लिपिकाने विचारलं, "जनजागृती की जाहिरात?" जाहिरातीला शुल्क होतं. जनजागृती मोफत होती, पण जनजागृतीत पैशांचा उल्लेख चालत नव्हता. साहजिकच आम्ही जनजागृती निवडली. मजकूर दत्तोपंतांचा. 'सर्व सहृदय नागरिकांनी मुक्या प्राण्यांच्या सेवेत यथाशक्ती सहकार्य करावे. संपर्क, चिटणीस.' पुढे माझा पत्ता.

नागरिकांनी यथाशक्ती सहकार्य केलं. जुन्या चादरी आल्या. मुदत संपलेली औषधं आली. पोपटाचा पिंजरा आला, पोपटाशिवाय. आणि एका सकाळी गेटाशी खोक्यात मांजरीची चार पिल्लं आली, डोळे नुकते उघडलेली. त्यांच्या मालकांना बहुधा त्या अकरा रुपयांच्या अटीची कल्पना नव्हती.

त्या शनिवारी दत्तोपंत आले. आत आले नाहीत. गेटाबाहेर उभे राहून बिजलीकडे पाहत होते. ते वाईट गृहस्थ नाहीत. फक्त त्यांना सगळ्या गोष्टी सत्र संपण्याआधी संपवायच्या असतात.

"सरोजिनीबाई, बग्गीवाला सोमवारी सकाळी येतोय. इथूनच नेईल. मी हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हणवत नाही. आपण सगळं करून पाहिलं."

"हो," मी म्हटलं.

"मग त्याला काय सांगू?"

मी म्हणणार होते ते त्यांना पाठ होतं. ते म्हणाले, "बघू या, असं त्याला सांगता येणार नाही."

रविवारी भिवाजीचा फोन आला. "बिजली काय म्हणते, ताई?"

मी अंगणात उभी होते. बिजली मांजरांच्या खोक्यात नाक घालून हुंगत होती. मी म्हटलं, "भिवाजी, तुम्हीच बोला." आणि फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. तिचे दोन्ही कान मात्र पुढे आले आणि फोन बंद झाल्यावरही तसेच राहिले.

सोमवारी सकाळी मी कचऱ्याची बादली घेऊन गेटाशी आले. आळीतले सगळे आपापल्या गेटाशी होते. वहिनी होत्या, त्यांच्यामागे दत्तोपंत रस्त्याच्या टोकाकडे बघत उभे. करंज्यांच्या बाई होत्या. अपेक्षा स्कूटरवर एक पाय टेकून होती. तिने बिजलीचा लगाम आणला होता, पण तो पिशवीतून बाहेर काढला नव्हता. चंद्राबाई भिंतीवर होत्या.

घंटागाडी आली ती गप्प आली. चालक कपिल खाली उतरून कर्ण्याच्या वायरी हलवत होता. माझ्या गेटाशी आला तेव्हा वैतागलेला होता.

"मॅडम, पेनड्राइव्ह गेला. माईक चालू हाय, पण माझा घसा बसलाय बघा, दोन दिवस ओरडतोय. तेवढं ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा म्हणता का? तुमचा आवाज शिकलेला हाय."

मी उभ्या आयुष्यात माईकवर बोललेले नाही. प्रयोगशाळेच्या निरोपसमारंभातही मी भाषण टंकून वाटलं होतं. पण कपिलने रुमालाने पुसलेला माईक गेटावरून माझ्या हातात दिलेलाच होता.

"ओला कचरा वेगळा द्यावा," मी म्हटलं. ते सगळ्या गल्लीत घुमलं आणि मला स्वतःलाच दचकायला झालं. "सुका कचरा वेगळा द्यावा."

"झाक," कपिल म्हणाला आणि माईकसाठी हात पुढे केला.

आळीच्या टोकाला एक टेंपो वळला. मागचं फळकूट उघडं होतं आणि आत गवताचा भारा टाकलेला दिसत होता. दत्तोपंतांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यामागे बिजलीने नाकातून हवा सोडली, ती मानेवर गरम लागली. कपिलचा हात अजून पुढे होता.

"थांब जरा," मी त्याला म्हटलं. तेही घुमलं.

भिंतीवरून चंद्राबाई म्हणाल्या, "बोला आता, तोंड हाय ना?"

"मी सरोजिनी बोलते आहे," मी म्हटलं. "ही घोडी कुठेही जाणार नाही. ती माझ्या अंगणात राहील. तिच्या चाऱ्यासाठी मला पैसे हवेत. वडी नको, लाडू नको, करंज्या नकोत, चादरी नकोत. पैसे. डबा रिकामा आला तरी चालेल, पण त्यात पैसे हवेत."